सहा कोटी माणसांच्या यादीला पहिल्यांदा ‘फिल्टर’ लावणारा इंजिनियर : हर्मन हॉलेरिथ

समजा, तुमच्यासमोर एक भलीमोठी यादी उघडली आहे. २ लाख ओळी. एका ओळीत एका माणसाची माहिती. नाव, वय, गाव, शिक्षण, कामधंदा. यातून तुम्हाला फक्त नाशिकच्या, चाळिशी ओलांडलेल्या आणि शिक्षिका असलेल्या बायका शोधायच्या आहेत.

तुम्ही काय करणार? गावाच्या रकान्यावरचा छोटा बाण दाबणार, नाशिकवर टिक करणार. मग वयाचा रकाना, मग कामधंद्याचा. संपला विषय. २ लाख ओळींतून शे-दोनशे ओळी उरतात आणि बाकीच्या गायब होतात. गायब होतात म्हणजे पुसल्या जात नाहीत, फक्त नजरेआड होतात. फिल्टर काढला की सगळ्या परत हजर.

एक्सेल घ्या, नाहीतर डेटाबेस उघडून बघायचा कुठलाही प्रोग्रॅम घ्या, हे बटण सगळीकडे सापडतं. ते इतकं सवयीचं झालंय की त्यामागे कुणाचं तरी डोकं असेल, असा विचारही मनात येत नाही.

पण हे काम कॉम्प्युटर जन्माला यायच्या कितीतरी आधी, १८९० साली एका माणसाने करून दाखवलं होतं. तेही ६ कोटींपेक्षा जास्त लोकांच्या यादीवर. हाताशी काय होतं, तर जाड कागदाची कार्डं, टाचणीसारख्या सुया, पाऱ्याच्या वाट्या आणि बॅटरीची वीज.

त्या माणसाचं नाव हर्मन हॉलेरिथ.

स्पेलिंगला घाबरणारं पोरगं

हॉलेरिथचा जन्म २९ फेब्रुवारी १८६० चा, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरातला. म्हणजे वाढदिवस चार वर्षांतून एकदाच. आई-वडील जर्मनीहून येऊन अमेरिकेत स्थायिक झालेले.

पोरगं हुशार होतं, पण स्पेलिंग म्हणजे त्याच्यासाठी शिक्षाच होती. स्पेलिंगचा तास चुकवायला त्याने एकदा शाळेच्या खिडकीतून उडी मारली होती, असा किस्सा त्याच्या चरित्रात सांगितला जातो. शेवटी घरच्यांनी त्याला शाळेतून काढलं आणि घरीच शिकवणी लावली.

यंत्रांच्या बाबतीत मात्र गडी एकदम वेगळा होता. १८७९ मध्ये, वयाच्या अवघ्या १९ व्या वर्षी, त्याने कोलंबिया कॉलेजच्या स्कूल ऑफ माइन्समधून इंजिनियरिंगची पदवी घेतली. तिथले त्याचे प्राध्यापक विल्यम ट्रोब्रिज यांच्याकडे अमेरिकेच्या जनगणनेचं काम आलं होतं. त्यांनी या तरुणाला मदतनीस म्हणून सोबत घेतलं.

असा हॉलेरिथ वॉशिंग्टनला पोचला. त्याच्या वाट्याला आलेलं काम होतं कारखान्यांमध्ये वाफेची आणि पाण्याची किती शक्ती वापरली जाते, याची आकडेवारी करण्याचं. पण आजूबाजूला जे चाललं होतं ते बघून त्याचं डोकं भलत्याच दिशेने चालायला लागलं.

मोजणी संपता संपता पुढची जनगणना यायची

१८८० च्या जनगणनेत अमेरिकेची लोकसंख्या भरली सुमारे ५ कोटी. एवढ्या लोकांची माहिती घरोघरी जाऊन मोठमोठ्या कागदांवर लिहून आणली गेली होती. आता ते सगळं मोजायचं होतं.

मोजायची पद्धत काय होती? कारकून एकेक ओळ वाचायचे आणि चौकटी आखलेल्या दुसऱ्या कागदावर रेघा मारायचे. पुरुष आला, एक रेघ. बाई आली, दुसऱ्या चौकटीत रेघ. शेवटी रेघा मोजून बेरीज करायची.

नुसती डोकी मोजायची असती तर हे जमून गेलं असतं. खरी गंमत पुढेच होती. सरकारला नुसते पुरुष किती आणि बायका किती, एवढंच नको होतं. परदेशात जन्मलेले, लग्न झालेले, तीस ते चाळीस वयाचे आणि शेतीवर पोट असलेले किती, असे जोडप्रश्न होते. आणि रेघांच्या कागदावर एकदा बेरीज झाली की त्यातून माणूस परत सापडत नाही. पुरुष इतके आणि शेतकरी इतके, हे दोन आकडे हातात असले तरी शेतकरी पुरुष किती, ते त्यातून निघत नाही. त्यासाठी पुन्हा मूळ कागदांकडे जायचं, पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायचं, पुन्हा रेघा.

प्रत्येक नव्या प्रश्नाला ५ कोटी ओळींची नवी फेरी. १८८० ची ही आकडेमोड सात वर्षांहून जास्त काळ रेंगाळली. देशात जहाजं भरभरून माणसं येत होती. लोकसंख्या अशीच वाढत राहिली, तर एका जनगणनेचा हिशोब लागायच्या आत दुसरी दारात उभी राहणार, हे स्पष्ट दिसायला लागलं होतं.

जेवणाच्या टेबलावर मिळालेली आयडिया

जनगणनेतला जन्म-मृत्यूच्या आकडेवारीचा विभाग डॉ. जॉन शॉ बिलिंग्ज यांच्याकडे होता. हे पेशाने लष्करातले डॉक्टर. हॉलेरिथचं त्यांच्या घरी येणं-जाणं होतं. एका रविवारी संध्याकाळी जेवताना विषय निघाला आणि बिलिंग्ज यांनी सहज बोलून दाखवलं, की ही रेघा मारायची कामं करायला एखादं यंत्र असायला पाहिजे. प्रत्येक माणसासाठी एक कार्ड करावं आणि त्याची माहिती कार्डाच्या कडेला खाचा पाडून दाखवावी, असं काहीसं त्यांच्या मनात होतं.

हॉलेरिथने ही गोष्ट मनावर घेतली. नंतर त्याने बिलिंग्ज यांना भागीदार व्हायची ऑफरही दिली. पण त्यांना धंद्यात रस नव्हता, प्रश्न सुटला म्हणजे झालं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मूळ कल्पनेचं श्रेय मात्र हॉलेरिथने म्हातारपणीही बिलिंग्ज यांनाच दिलं.

१८८२ मध्ये तो एमआयटीत मेकॅनिकल इंजिनियरिंग शिकवायला गेला. आधी जनगणनेचे प्रमुख राहिलेले फ्रान्सिस वॉकर तेव्हा एमआयटीचे अध्यक्ष झाले होते. पण शिकवण्यात हॉलेरिथचं मन रमलं नाही. वर्षभरात नोकरी सोडून तो वॉशिंग्टनच्या पेटंट ऑफिसात रुजू झाला. यंत्र बनवायचं तर पेटंटचा कारभार आतून माहीत असलेला बरा. तिथलं काम शिकून झाल्यावर ती नोकरीही सोडली आणि सप्टेंबर १८८४ मध्ये स्वतःच्या यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज टाकला.

पट्टी गंडली, कार्ड चाललं

पहिल्या प्रयत्नात कार्ड नव्हतंच. कागदाची लांबलचक पट्टी होती. एका माणसाची माहिती म्हणजे पट्टीवरची भोकांची एक ओळ, मग त्याखाली दुसऱ्या माणसाची, मग तिसऱ्याची. पट्टी यंत्रातून फिरली की भोकांतून विजेचा संपर्क व्हायचा आणि मोजणी व्हायची.

चालत होतं, पण एक मोठी अडचण होती. पट्टीवरची माणसं एकमेकांना चिकटलेली होती. पन्नास हजाराव्या माणसापर्यंत पोचायचं तर आधीचे ४९,९९९ ओलांडूनच जायचं. फक्त बायका बाजूला काढायच्या म्हटलं तर पट्टीचे तुकडे करावे लागणार. क्रम बदलायची सोय नाही, गट पाडायची सोय नाही.

याच काळात रेल्वेच्या प्रवासात त्याने एक गोष्ट बघितली होती. तिकीट दुसऱ्याच्या हाती जाऊन वापरलं जाऊ नये, म्हणून तिकीट तपासनीस तिकिटावर प्रवाशाचं वर्णन भोकं पाडून नोंदवायचा. केस फिके की गडद, डोळे कसे, नाक मोठं की लहान. तिकीट बघितलं की माणसाचा भोकांतला फोटोच समोर.

इथे हॉलेरिथची गाडी योग्य रुळावर आली. एक माणूस, एक कार्ड. कार्डं सुटी असतात. ती पिसता येतात, गठ्ठे करता येतात, एक गठ्ठा पुन्हा फोडून त्याचे दोन करता येतात, आणि सगळं झाल्यावर परत एकत्र ठेवता येतात.

आज टेबलमधल्या एका ओळीला आपण रेकॉर्ड म्हणतो. एक ओळ म्हणजे एक माणूस, आणि ती ओळ बाकीच्या ओळींपासून मोकळी. हॉलेरिथचं कार्ड म्हणजे नेमकं हेच. फिल्टर लागतो तो ओळ मोकळी असते म्हणूनच.

पैशांची चणचण आणि सुजलेला हात

आयडिया मिळाली म्हणून लगेच गाडी-बंगला आला, असं काही झालं नाही. पोटापाण्यासाठी हॉलेरिथ मधल्या काळात रेल्वेच्या ब्रेकमागे लागला. विजेवर चालणारे ब्रेक त्याने बनवले, रेल्वेच्या जाहीर चाचण्यांत उतरवले. तिथे वेस्टिंगहाऊससारखा तगडा गडी समोर होता. धंदा त्याच्याकडेच गेला.

मग तो परत मोजणीच्या यंत्राकडे वळला. बाल्टिमोर शहराच्या आरोग्य खात्याने मृत्यूंच्या नोंदी त्याला तपासायला दिल्या. कार्डाला भोकं पाडायला त्याने रेल्वेवाल्यांचाच हातातला पंच वापरला. हजारो कार्डं, प्रत्येकावर अनेक भोकं. दिवसभर पंच दाबून दाबून त्याचा हात निकामी व्हायची वेळ आली. शिवाय तो पंच कार्डाच्या कडेपर्यंतच पोचायचा, मधली जागा वाया जायची.

या त्रासातून पुढचा शोध लागला. त्याने एक असं साधन बनवलं, ज्यात समोर भोकं असलेली धातूची पाटी असायची आणि प्रत्येक भोकापाशी काय नोंदवायचं ते लिहिलेलं असायचं. दांड्याचं टोक हव्या त्या भोकात दाबलं की दुसऱ्या टोकाला कार्डावर बरोबर त्याच जागी भोक पडायचं. आता कार्डाचा कानाकोपरा वापरता यायला लागला आणि हातही वाचला.

जानेवारी १८८९ मध्ये त्याला या पद्धतीची पेटंट मिळाली.

तीन स्पर्धक, १०,४९१ माणसं

१८९० ची जनगणना तोंडावर आली होती. पद्धत निवडण्यासाठी १८८९ मध्ये स्पर्धा घेण्यात आली. स्पर्धक तीन. विल्यम हंट यांनी रंगीत कार्डं आणली होती, चार्ल्स पिजिन यांनी रंगीत कागदाच्या चिठ्ठ्या, आणि हॉलेरिथने आपलं विजेवर चालणारं यंत्र. तिघांनाही सेंट लुईस शहरातल्या त्याच १०,४९१ लोकांची माहिती देण्यात आली.

पहिला टप्पा होता माहिती कार्डावर उतरवण्याचा. हंट यांना १४४ तास २५ मिनिटं लागली. पिजिन यांना ११० तास ५६ मिनिटं. हॉलेरिथला ७२ तास २७ मिनिटं.

दुसरा टप्पा मोजणीचा. हंट ५५ तास २२ मिनिटं, पिजिन ४४ तास ४१ मिनिटं आणि हॉलेरिथ ५ तास २८ मिनिटं.

हे आकडे नीट बघितले तर एक गोष्ट लक्षात येते. माहिती भरण्यात हॉलेरिथचा वेळ दुसऱ्या नंबरच्या तुलनेत एक तृतीयांशाने वाचला. मोजणीत तो आठपट वेगवान निघाला. आजही तसंच आहे. डेटा भरताना जीव जातो, पण तो एकदा नीट भरला की शोधायला क्षणभर लागतो.

कंत्राट हॉलेरिथला मिळालं.

यंत्र चालायचं कसं?

१८९० चं कार्ड साधारण साडेसहा इंच लांब आणि सव्वातीन इंच रुंद होतं. त्यावर काहीही छापलेलं नव्हतं. कोरं कार्ड आणि त्यावर गोल भोकं. प्रत्येक जागेला अर्थ ठरलेला. एका जागी भोक म्हणजे पुरुष, शेजारी भोक म्हणजे स्त्री. कुठे वयाचा गट, कुठे जन्माचा देश, कुठे कामधंदा.

यंत्रावर बसलेली कारकून, आणि यात बायकांची संख्या मोठी होती, कार्ड एका पाटावर ठेवायची आणि वरचा दांडा खाली दाबायची. दांड्याला स्प्रिंगच्या सुया असायच्या. जिथे भोक नाही तिथे सुई कार्डाला टेकून मागे सरकायची. जिथे भोक आहे तिथे सुई आरपार जाऊन खालच्या पाऱ्याच्या वाटीत बुडायची. वीज वाहायची आणि समोरच्या घड्याळासारख्या तबकडीचा काटा एक घर पुढे जायचा. अशा ४० तबकड्या होत्या.

ही झाली साधी मोजणी. फिल्टरची खरी गंमत रिलेमध्ये होती.

रिले म्हणजे विजेवर उघडमीट होणारा खटका. समजा, लग्न झालेल्या आणि परदेशात जन्मलेल्या बायका मोजायच्या आहेत. तर तीन खटके एकामागोमाग एकाच तारेवर जोडायचे. स्त्रीचं भोक असेल तर पहिला खटका लागणार, विवाहितचं असेल तर दुसरा, परदेशी जन्माचं असेल तर तिसरा. तिन्ही लागले तरच वीज तबकडीपर्यंत पोचणार. एक जरी सुटला तरी काटा जागचा हलणार नाही.

आज तुम्ही तीन रकान्यांवर तीन फिल्टर लावता तेव्हा प्रोग्रॅम हेच करतो. हे आणि ते आणि ते, तिन्ही अटी पूर्ण करणारीच ओळ दिसणार.

यंत्राशेजारी खणांची एक पेटी असायची. कार्ड दाबलं की ठरलेल्या खणाचं झाकण आपोआप उघडायचं. कारकुनाने कार्ड त्यात टाकून झाकण लावायचं. दिवसाअखेर कार्डांचे गट तयार. मग नेमका एक गठ्ठा उचलायचा, तारांची जोडणी बदलायची आणि तेवढ्याच गठ्ठ्याला नवा प्रश्न विचारायचा. मूळ कागदांची पाच-सहा कोटी ओळींची फेरी मारायची गरजच संपली.

चुका पकडायचीही सोय होती. कार्ड बरोबर वाचलं गेलं की घंटी वाजायची. घंटी वाजली नाही, म्हणजे कार्ड तिरकं बसलंय नाहीतर एखादं भोक राहून गेलंय. ते बाजूला काढायचं. एका भागाच्या सगळ्या कार्डांना ठराविक जागी सारखीच भोकं असायची. गठ्ठा नीट रचून त्या भोकातून तार घातली की ती आरपार जायला हवी. मध्येच अडली, म्हणजे दुसऱ्या भागाचं कार्ड घुसलंय.

या कामाला जुंपलेली माणसंही माणसंच होती. काम नकोसं झालं की कुणीतरी यंत्रातला पारा हळूच काढून टाकायचं, म्हणजे दुरुस्ती होईपर्यंत आराम, असेही किस्से त्या काळचे सांगितले जातात.

आकडा आला आणि लोक भडकले

देशाच्या लोकसंख्येचा कच्चा आकडा साधारण सहा आठवड्यांत तयार झाला. ६,२६,२२,२५०.

लोकांनी टाळ्या वाजवायला हव्या होत्या, पण झालं उलटंच. देशाची लोकसंख्या साडेसहा कोटींच्या आसपास असेल, अशी अनेकांची अपेक्षा होती. आकडा कमी आल्यावर काही वर्तमानपत्रांनी यंत्रावरच शंका घेतली.

इथे एक गैरसमजही दूर करायला हवा. हॉलेरिथमुळे अख्खी जनगणना काही आठवड्यांत आटोपली, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. आठवड्यांत आला तो फक्त एकूण आकडा. तपशीलवार तक्ते बाहेर यायला पुढची काही वर्षं गेली. खर्चही १८८० पेक्षा जास्त झाला. कारण सोपं होतं. यंत्र हाताशी आल्यावर सरकारने कितीतरी जास्त प्रश्न विचारून घेतले. पूर्वी जे जोडप्रश्न विचारायची हिंमत होत नव्हती, ते आता सहज विचारता येत होते.

पण यंत्राची एक मर्यादा तेव्हाही होती आणि आजही आहे. ज्याची जागा कार्डावर आहे, तेच विचारता येतं. आणि कार्डावर कशाला जागा द्यायची, हे यंत्र ठरवत नाही. १८९० च्या जनगणनेत माणसांचे वंशाप्रमाणे खाने पाडले होते. त्यात कृष्णवर्णीयांचे, रक्तात काळ्या वंशाचा निम्मा, चौथा की आठवा हिस्सा आहे, अशा हिशोबाने उपप्रकार केलेले होते. तो निर्णय घेतला माणसांनी. यंत्राने भोकं मोजली.

जगभर नाव, घरात भांडण

१८९० हे हॉलेरिथचं वर्ष होतं. सप्टेंबरमध्ये ल्युसिया टॅल्कॉटशी लग्न झालं. पुढे त्यांना सहा मुलं झाली. त्याच वर्षी कोलंबियाने या यंत्राच्या कामावर त्याला डॉक्टरेट दिली. त्याची यंत्रं ऑस्ट्रियात पोचली, आणि १८९७ मध्ये रशियाच्या पहिल्या देशव्यापी जनगणनेतही वापरली गेली.

पण जनगणना येते दहा वर्षांनी एकदा. मधली नऊ वर्षं खायचं काय? त्याने रेल्वे कंपन्यांकडे मोर्चा वळवला. न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेला रोज मालवाहतुकीच्या हजारो पावत्यांचा हिशोब ठेवावा लागायचा. तिथे नुसती मोजणी पुरत नव्हती, वजनांची आणि रकमांची बेरीज हवी होती. हॉलेरिथने यंत्रात बेरजेची सोय घातली आणि ते गिऱ्हाईक मिळवलं. १८९६ मध्ये त्याने टॅब्युलेटिंग मशीन कंपनी उभी केली.

धंद्याची रीतही त्याची खास होती. यंत्र विकायचं नाही, भाड्याने द्यायचं. कार्डंही त्याच्याकडूनच घ्यायची. म्हणजे यंत्र चालत राहिलं की कमाई चालू.

१९०० ची जनगणनाही त्याच्याच यंत्रांवर झाली. मग मात्र बिनसलं. जनगणना खातं कायमचं झालं आणि त्याचे संचालक एस. एन. डी. नॉर्थ यांना हॉलेरिथचे दर अवाच्या सवा वाटायला लागले. हॉलेरिथ दर कमी करायला तयार नव्हता. स्वभावाने तो हट्टी होता, आपल्या यंत्राला पर्याय नाही याची त्याला खात्री होती. १९०५ मध्ये खात्याने त्याची यंत्रं वापरायची बंद केली आणि स्वतःचीच यंत्रं बनवायला घेतली. त्यासाठी जेम्स पॉवर्स नावाच्या इंजिनियरला कामाला लावलं.

हॉलेरिथने कोर्टकचेऱ्या केल्या, पण उपयोग झाला नाही. १९१० ची जनगणना त्याच्याशिवाय पार पडली. ज्या खात्याच्या त्रासातून यंत्र जन्माला आलं, त्याच खात्याने त्याला बाहेरचा रस्ता दाखवला. वर पॉवर्सने पुढे स्वतःची कंपनी काढून त्याच्याशी स्पर्धाही सुरू केली.

तोवर हॉलेरिथ पन्नाशीला आला होता आणि तब्येत साथ देत नव्हती. १९११ मध्ये चार्ल्स फ्लिंट या उद्योगपतीने त्याची कंपनी विकत घेतली आणि वजनकाटे, हजेरीची घड्याळं बनवणाऱ्या कंपन्यांबरोबर तिची मोट बांधली. हॉलेरिथला या सौद्यात सुमारे १२ लाख डॉलर मिळाले. तो सल्लागार म्हणून राहिला, पण नव्या साहेबांशी त्याचं फारसं जमलं नाही. पुढे त्याने व्हर्जिनियात शेती घेतली, उत्तम जातीच्या गाई पाळल्या, बोटी घेतल्या.

त्या एकत्र केलेल्या कंपनीचं नाव १९२४ मध्ये बदललं. नवं नाव इंटरनॅशनल बिझनेस मशीन्स. आपण तिला आयबीएम म्हणतो.

१७ नोव्हेंबर १९२९ रोजी वॉशिंग्टनमध्ये हॉलेरिथचं निधन झालं. वय ६९.

मागे काय उरलं?

त्याच्या हयातीतच एक विचित्र घटना घडली होती. जानेवारी १९२१ मध्ये वॉशिंग्टनमधल्या सरकारी इमारतीला आग लागली आणि १८९० च्या जनगणनेचे बहुतेक मूळ कागद जळाले, भिजले, खराब झाले. उरलेलेही नंतर सरकारने नष्ट केले. त्या जनगणनेचे छापील तक्ते आजही आहेत. कुठल्या राज्यात किती लोक, कुठल्या वयाचे, हे सगळं कळतं. पण त्या वर्षी आपला पणजोबा कुठल्या घरात राहत होता, हे बहुतेक अमेरिकन कुटुंबांना कधीच कळणार नाही. बेरीज उरली, ओळी गेल्या. आणि बेरजेतून माणूस परत मिळत नाही.

दुसरी गोष्ट याच्या बरोबर उलटी, आणि जास्त भयानक. हॉलेरिथच्या नावाची एक कंपनी जर्मनीत होती, डेहोमॅग. पुढे ती आयबीएमच्या ताब्यात गेली. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आल्यावर झालेल्या जनगणनेत या कंपनीची यंत्रं वापरली गेली. १९३९ च्या जनगणनेत तर प्रत्येकाच्या आजी-आजोबांपैकी कोण वंशाने ज्यू आहे, अशी नोंद घेतली गेली. माणसं पकडण्यात या यंत्रांचा नेमका किती हात होता, यावर इतिहासकारांत वाद आहेत. अमेरिकेतही १९४२ मध्ये जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं गेलं, तेव्हा ते कुठल्या वस्त्यांत किती राहतात, याची आकडेवारी जनगणना खात्याने लष्कराला दिली होती. हॉलेरिथ तेव्हा हयात नव्हता. पण हव्या त्या अटी लावून हवी ती माणसं वेगळी काढायची रीत त्याने जगाला दिली होती, आणि अटी कोण लावणार हे त्याच्या हातात नव्हतं.

तिसरी गोष्ट आपल्या स्क्रीनपर्यंत येते. १९७० मध्ये आयबीएममध्येच काम करणाऱ्या एडगर कॉड या मूळच्या ब्रिटिश संशोधकाने एक निबंध लिहिला. माहिती साध्या टेबलांत ठेवावी आणि कुठली ओळ कुठे साठवली आहे याची फिकीर न करता फक्त अटी सांगून ती मागवावी, असा त्याचा गाभा होता. त्यातून रिलेशनल डेटाबेस आले, एसक्यूएल ही भाषा आली. तुम्ही फिल्टरचा बाण दाबता तेव्हा बऱ्याच प्रोग्रॅममध्ये पडद्यामागे याच भाषेतली एक अट लिहिली जाते. खटक्यांच्या तारांचं काम आता शब्दांनी होतं, एवढाच फरक.

म्हणून पुढच्या वेळी एखादं मोठं टेबल उघडाल, तेव्हा हॉलेरिथच्या कारकुनांच्या तीन सवयी लक्षात ठेवायला हरकत नाही. एक, एका ओळीत एकच माणूस, एका रकान्यात एकच गोष्ट. दोन, उत्तर विचित्र आलं तर आधी बघा, कुठला जुना फिल्टर लागलेला राहिलाय का, कुठल्या रकान्यात जागा रिकामी आहे का. तेव्हा घंटी वाजायची थांबायची, आता तशी घंटी नाही. आणि तीन, बेरीज झाली म्हणून मूळ ओळी पुसू नका.

चौथी सवय त्यांना कुणी लावली नव्हती, ती आपल्याला लावून घ्यावी लागेल. समोर उरलेल्या त्या शे-दोनशे ओळी म्हणजे जिवंत माणसं आहेत, आणि त्यांना वेगळं काढायची अट आपण लावलेली आहे.